तायड्यांची बिनआवाजी गिटार

आमच्या शेजारचा मिलिंद तायडे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि ती आम्हाला ऐकू आली नाही ना, हे विचारण्यासाठी आमच्या दाराची बेल वाजवतो. गिटार आम्हाला आजवर एकदाही ऐकू आलेली नाही. बेल मात्र चांगली खणखणीत आहे. शनिवारी दुपारी जेवून जरा पाठ टेकावी, डोळ्यांवर झापड यावी, की बेलमधला पक्षी किंचाळतो. आमचे हे उशी कानावर ओढून घेतात आणि म्हणतात, "जा, त्याला सांग, गिटारचा काही त्रास नाही म्हणावं."

दार उघडलं की समोर मिलिंद. चाळिशीला आलेला, चांगला उंच, पण उभा राहतो अंग चोरून. पायात मोजे, गळ्यात हेडफोन. ऐकायला पुढे वाकावं लागेल अशा आवाजात विचारतो, "काकू, डिस्टर्ब नाही ना केलं?"

"मघाशी की आत्ता?"

"मघाशी."

"मघाशी नाही."

"मग हरकत नाही," असं म्हणून तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पावलं न वाजवता परत जातो. माझा टोमणा त्याला लागतच नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला याचा किती मनस्ताप होतो, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

बिबवेवाडीतली आमची सोसायटी तशी साधी. आमच्या दिवाणखान्याची भिंत तीच मिलिंदच्या हॉलची भिंत. मी शाळेत गणित शिकवायचे. सगळं आयुष्य "गप्प बसा" म्हणण्यात गेलं, आणि निवृत्त झाल्यावर शेजार असा मिळाला की "जरा बोल रे बाबा" म्हणायची पाळी आली. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी झाले. पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळीकडे त्यांना काहीतरी चुकलेलं दिसतं.

मिलिंदही चुका शोधतो, पण खराडीला, एका सॉफ्टवेअर कंपनीत. प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहायचे आणि ते कुठे मोडतात हे यानं बघायचं. तेही बहुतेक दिवस घरूनच, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत गिटार रोजची. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार मिळतो हे कळलं, तेव्हा आमचे हे चार दिवस अस्वस्थ होते. त्यांनी ते काम जन्मभर फुकट केलं होतं.

पण मिलिंद चूक शोधायला लागला की ती शेवटी स्वतःपाशी आणून ठेवतो. एकदा आमच्या बोअरवेलची मोटर बिघडली आणि सगळी इमारत घुमायला लागली. मिलिंद धावत आला. घाबरला की त्याच्या बोलण्यात आईवडिलांची वऱ्हाडी येते. "काकू, लय आवाज येऊन राहिला का? मी बंद केली, पण थांबूनच नाही राहिली!" मी विचारलं, "गिटार कुठंय?" तर म्हणे कपाटात. कपाटातल्या गिटारबद्दल माफी मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. गणपतीच्या आधी मैदानावर ढोलताशाचा सराव सुरू झाला, खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली, तेव्हाही बेल वाजली. "काकू, हे मी नाही," एवढंच सांगून तो गेला.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं काय काय केलं होतं ते एकदा त्यानं मला घरी नेऊन दाखवलं. घर स्वच्छ, सामान थोडं. फडताळावर बुद्धाची लहानशी मूर्ती, शेजारी आईवडिलांचा फोटो. आमच्याकडच्या भिंतीवर गोधड्या टांगलेल्या. खुर्चीच्या पायांना रबर, दाराच्या फटीत जुनी चादर. ठेका धरताना पाय आपटतो आणि खाली पोखरणा शेठना त्रास होईल, म्हणून पायाखाली उशी. शेठ मार्केट यार्डात कांद्याचे अडते. पहाटे उजाडायच्या आत गाळ्यावर जातात आणि दुपारी घरी येऊन झोपतात, हे मिलिंदनं इथं राहायला येण्याआधीच वॉचमनकडून काढून घेतलं होतं.

"आणि ही मेन वस्तू," म्हणून त्यानं काड्यापेटीएवढी डबी दाखवली. बुधवार पेठेत मिळाली. ती गिटारला लावायची, तिला हेडफोन लावायचा, की गिटार फक्त वाजवणाऱ्याच्या कानात. दुकानदार त्याला हा भलामोठा स्पीकर दाखवत होता. "साहेब, अख्खी गल्ली ऐकेल." मिलिंदनं विचारलं, "कुणालाच ऐकू जाणार नाही असं काही आहे का?" दुकानदार त्याच्याकडे बघत म्हणाला, "मग घरी ठेवून या की."

डबी उत्तम निघाली. तारांवर नख घासल्याची किरकिरसुद्धा आमच्याकडे येत नाही. पण त्या डबीनं एक घोटाळा केला आणि तो मिलिंद सोडून सगळ्या इमारतीला माहीत होता. हेडफोन कानावर चढवला की मिलिंद गातो. मनातल्या मनात नव्हे. चांगला गळा मोकळा सोडून, छातीतून, मजले ओलांडून जाईल असा. स्वतःच्या कानात गिटार दणदणत असल्यामुळे आपण गातोय याचा त्याला पत्ताच नसतो.

पहिल्या दिवशी मी दचकून उठले. मला वाटलं कुणाला तरी लागलं. सुरुवातीला इंग्रजीत काहीतरी आरोळ्या होत्या. मग तो एकदम मराठीवर आला आणि शेजारच्या माणसाला उचलून फेकावं अशा आवेशात गायला लागला:

"हळू चाल, हळू बोल, हळू ठेव गं तांब्या..."

पुढच्या ओळीला आवाज एकदम खाली. काहीतरी पुटपुटल्यासारखं. मग पुन्हा पहिली ओळ, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. हळू बोल म्हणून इतक्या मोठ्यानं कुणी सांगितल्याचं मला शाळेतसुद्धा आठवत नाही. हे चप्पल घालून निघालेच. "सेक्रेटरी म्हणून मला हे सांगावंच लागेल."

तेवढ्यात गाणं थांबलं आणि बेल वाजली. "काकू, गिटार ऐकू आली का?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "गिटार? नाही बाई, अजिबात नाही." यात खोटं काही नव्हतं.

ह्यांना मी का अडवलं, ते सांगते. त्याच्या थोडे दिवस आधी मिलिंद माझा डबा परत द्यायला आला होता. मी चहा टाकला. त्यानं बशीत कप असा ठेवला की मला ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, "अरे, फुटला तरी चालेल, पण माणूस बसलाय असं वाटू दे." तो हसला, तेही आवाज न करता. मग सांगायला लागला. वडील अकोल्याकडून आले, आकुर्डीच्या कारखान्यात लागले. दापोडीला एक खोली, त्यात सगळी माणसं. वडिलांना बहुतेक रात्रपाळी. म्हणजे दिवसभर खोलीच्या मधोमध वडील झोपलेले आणि त्यांच्या कडेनं संसार. भांडं वाजू द्यायचं नाही. अभ्यास ओठ मिटून. "हसू आलं तर आम्ही भावंडं खाली नळावर जायचो, काकू. हसून झालं की वर यायचो."

"आणि रडू आलं तर?"

"उशी होती ना."

शिकला, नोकरी लागली, वडील गेले. आईला घेऊन भाड्याच्या घरात आला. पण आईची सवय सुटली नाही. कुकरची शिट्टी झाली की ती ओठांवर बोट ठेवायची, कुकरकडे बघून. दोन वर्षांपूर्वी तीही गेली आणि मग यानं गिटार घेतली. "आता घरात झोपलेलं कुणी नाही," तो म्हणाला. "तरी हात आपोआप हळूच पडतो." ऑफिसच्या मीटिंगांमध्ये रोज त्याला कुणी ना कुणी सांगतं, मिलिंद, तुझा आवाज येत नाहीये. चूक हा शोधतो आणि मोठ्यानं सांगून शाबासकी दुसराच घेऊन जातो. इथं येण्याआधी गिटारपायी त्यानं दोन घरं सोडली होती. कुणी तक्रार केली म्हणून नाही. "बोलत नव्हते कुणी, पण चेहऱ्यावर दिसायचं," म्हणे.

आता अशा माणसाला जाऊन सांगायचं, की बाबा रे, तुझी गिटार नाही पण तू ऐकू येतोस? शाळेत एखाद्या पोराला गाण्याच्या तासाला "तू नुसते ओठ हलव" म्हटलं की ते पोर जन्मात पुन्हा तोंड उघडत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. मला मिलिंदची कीव येत नव्हती. मला त्याची काळजी वाटत होती, आणि आमच्या ह्यांची भीती.

हे रोज म्हणायचे, "मी सांगणारच आहे." मी रोज म्हणायचे, "उद्या सांगा." पोखरणा शेठ तर एक दिवस स्वतःच वर आले. मला वाटलं, आता तक्रार. पण शेठ दारातूनच म्हणाले, "मॅडम, साहेबांना म्हणावं त्या पोराला काही बोलू नका. पहिले दोन दिवस मीपण वैतागलो. आता दुपारी तो सुरू झाल्याबिगर डोळाच लागत नाही."

असं सगळं सुरळीत झाकून ठेवलेलं असताना एका शनिवारी मिलिंद हातात एक जुना मोबाइल घेऊन आला.

"काकू, टेस्ट करायची आहे."

"कसली?"

त्याचा भाडेकरार संपत आला होता. नव्या करारासाठी घरमालकाला सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं होतं, म्हणजे ह्यांची सही. "काका सही देतील, पण मनातून त्यांना त्रास होत असला तर? तुम्ही पण चांगल्या आहात, म्हणून 'त्रास नाही' म्हणत असाल. हा फोन तुमच्या भिंतीशी ठेवतो, रेकॉर्डिंग चालू. मी तिकडे अर्धा तास वाजवतो. मग मी माझ्या कानांनी ऐकतो. काही सापडलं तर गिटार विकून टाकीन, आणि हे घरपण सोडतो. उगाच कुणाला त्रास नको."

त्यानं फोन टीव्हीशेजारी ठेवला, बटण दाबलं, "हात लावू नका हं," म्हणाला आणि गेला. मी त्या फोनकडे बघत उभी राहिले. आयुष्यात परीक्षेचे पेपर पुष्कळ तपासले, पण इतकी धडधड कधी झाली नव्हती.

भिंतीपलीकडून इंग्रजी आरोळी आली आणि मी फोन उचलून स्वयंपाकघरात पळाले. मिक्सरमध्ये दाणे घातले आणि कूट करायला लागले. कूट झालं तरी मिक्सर चालूच ठेवला. त्याचं दाण्याचं लोणी झालं, मिक्सर तापून जळका वास यायला लागला, तो बंद करावा लागला, आणि नेमकं तेव्हाच "हळू चाल, हळू बोल" सुरू झालं. कुकर लावायला वेळ नव्हता. मी मागच्या खोलीत धावले. हे तिथं खुर्चीत पेपर वाचत होते. कपाट उघडून मी फोन शालींच्या आणि पांघरुणांच्या मध्ये खोल खुपसला आणि दार लोटलं. ते दार नीट लागत नाही, सुताराला कधीचं सांगायचं राहिलंय. पण त्या वेळी मला त्याचं भान नव्हतं.

"काय चाललंय तुझं?"

"काही नाही. तुम्ही तोंडातून आवाज न काढता बसा," असं सांगून मी पुन्हा स्वयंपाकघरात गेले आणि नुसत्याच पातेल्यांची आदळआपट करत बसले.

मिलिंद आला तोवर फोन पुन्हा टीव्हीशेजारी होता. त्यानं तो उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय." मी म्हटलं, "आमच्या घराला असतोच." तो गेला.

त्या संध्याकाळी बेल वाजली नाही. रविवारी वाजली नाही. गाणंही नाही. सोमवारी तो जिन्यात दिसला, मान खाली घालून "काकू" म्हणाला आणि उतरून गेला. बुधवारी मी त्याचं दार उघडं असताना आत नजर टाकली, तर गोधड्या भिंतीवरून काढलेल्या आणि गिटार कव्हरमध्ये बांधून दाराशी उभी. मी ह्यांना सांगितलं, "झालं, ऐकलं त्यानं. आता गिटार विकतोय, मग घर सोडेल." मला वाटलं हे म्हणतील, बरं झालं. पण दुपारी हे दोनतीनदा भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "ओल आलीय का बघतोय." शेठनी खालून निरोप पाठवला, की झोपेचे हाल चाललेत.

शनिवारी दुपारी बेल वाजली. पक्ष्याचं ओरडणं पुरं व्हायच्या आत हे स्वतः उठून दार उघडायला गेले. हे आजवर कधी झालं नव्हतं.

दारात मिलिंद, हातात तो फोन. "काका, टेस्टचा रिपोर्ट द्यायचा होता."

"आत ये."

तो आत आला, पण बसला नाही. मोज्यांकडे बघत बोलायला लागला. "पहिलं म्हणजे, काकू, तुमचा मिक्सर दुरुस्तीला टाका, त्याचा आवाज बरोबर नाही. दुसरं, गिटार कुठंच ऐकू येत नाही."

"मी म्हणतच होते."

"तिसरं..." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तिसरं म्हणजे, मी ऐकू येऊन राहिलो."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी समजूत घालावी म्हणून मी शब्द शोधत होते, तेवढ्यात त्यानं फोनचं बटण दाबलं.

खरखर झाली. लांबून, पांघरुणांच्या आडून यावा तसा मिलिंदचा आवाज: हळू चाल, हळू बोल. आणि त्याच्याबरोबर, अगदी जवळून, जाड, घोगरा, ठेक्यात पेपर मांडीवर आपटत गाणारा दुसरा आवाज: "हळू ठेव गं तांब्या..." हा आवाज मी लग्न झाल्यापासून ओळखते. त्या आवाजानं माझ्यासमोर कधी गाणं म्हटलेलं नाही.

"मी पेपर वाचत होतो," हे म्हणाले.

"काका, मी हे आठवडाभर ऐकलं," मिलिंद म्हणाला. "पहिल्यांदा वाटलं, पळून जावं. गिटार बांधूनसुद्धा ठेवली. मग परत ऐकलं. परत ऐकलं. यात एक चूक आहे." आता त्याच्या चेहऱ्यावर ऑफिसातली तपासणी आली. "पहिली ओळ तुम्ही बरोबर म्हणता. दुसऱ्या ओळीला नुसतं 'हंऽहंऽ' करता. प्रत्येक वेळी."

"करणार काय?" हे उसळले. "ती ओळ ऐकू येते कुठं? तिथं आलास की तू आवाज खाली घेतोस. इतके दिवस भिंतीला कान लावतोय मी. काय आहे ती ओळ?"

मिलिंदनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आम्हाला पुढे वाकावं लागलं अशा आवाजात त्यानं ती म्हटली.

"बाबा उठले की मग सारे मोठ्यानं हसू या."

"आई म्हणायची," तो म्हणाला. "आम्हाला गप्प करायला. पण बाबा उठायचे ते पाळीच्या वेळेला. डबा, सायकल, गडबड. हसायचं राहूनच जायचं."

माझे डोळे भरून आले. मी सरळ पदर लावला, लपवायचं काही कारण नव्हतं. आमच्या ह्यांनी मात्र घसा साफ केला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये करतात तसा.

"तायडे, ही ओळ मोठ्यानं म्हणायची आहे. ओळीतच तसं सांगितलंय. तू पहिली ओरडतोस आणि ही पुटपुटतोस, हे साफ चूक आहे. यापुढे ही ओळ मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आली पाहिजे. सेक्रेटरी म्हणून सांगतोय. ते पत्र आण, सही करतो."

मिलिंद बघतच राहिला. आवाज वाढव असं त्याला कामाबाहेर कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मग तो हसला. अगदी मोठ्यानं नव्हे, पण आवाज झाला. आम्हा दोघांनाही ऐकू आला.

गिटार अजून त्याच्याकडेच आहे, आणि आम्हाला ती अजूनही ऐकू आलेली नाही. बेल मात्र आता क्वचितच वाजते. शनिवारी दुपारी आम्ही जेवून आडवे होतो, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून "हळू चाल, हळू बोल" सुरू होतं. पहिली ओळ झाली की मिलिंद थांबतो. हे डोळे मिटून, छताकडे तोंड करून दुसरी ओळ म्हणतात, सगळीच्या सगळी. हेडफोनमुळे ती त्याला ऐकू जात नाही. तरी ह्यांची ओळ पुरी होईपर्यंत तो थांबलेला असतो, आणि मग तीच ओळ स्वतः म्हणतो, खाली शेठपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं.